म्हाताऱ्यांचा विमा, हॉस्पिटलचं मागचं दार

जॉर्ज सिमकिन्स हे नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ग्रीन्सबरो शहरातले कृष्णवर्णीय दंतवैद्य. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला एक रुग्ण त्यांच्याकडे आला. जबडा सुजलेला, अंगात ताप, दाढेखाली पू. दवाखान्यातल्या खुर्चीत निभावण्यासारखं हे काम नव्हतं, हॉस्पिटलात दाखल करणं भाग होतं. सिमकिन्स यांनी आधी एल. रिचर्डसन मेमोरियलला विचारलं. कृष्णवर्णीयांसाठी शहरात तेवढं एकच हॉस्पिटल होतं आणि तिथे खाट रिकामी नव्हती. मग त्यांनी मोझेस कोन आणि वेस्ली लाँग या दोन मोठ्या हॉस्पिटलांकडे चौकशी केली. दोन्हीकडून नकार आला.

दाढ सुजून एक रात्र काढलेल्या माणसाला त्या रुग्णाची अवस्था वेगळी सांगायला नको. असा पू जबड्यातून गळ्याकडे उतरला तर श्वास कोंडू शकतो. पण नकार देणाऱ्यांपुढे प्रश्न आजाराचा नव्हताच. वेस्ली लाँग कृष्णवर्णीय रुग्ण घेतच नसे. मोझेस कोनमध्ये ठराविक अटींवर थोडे रुग्ण घेत, पण कृष्णवर्णीय डॉक्टरला तिथे रुग्णावर उपचार करण्याची मुभा नव्हती. म्हणजे रुग्ण आत गेलाच तर त्याचा डॉक्टर बाहेर राहणार. याच मोझेस कोनच्या विश्वस्त कराराने, पैसे नाहीत म्हणून कुणाही रुग्णाला परत पाठवू नये, असं बजावून ठेवलेलं होतं.

ही दोन्ही हॉस्पिटलं खासगी विश्वस्तांची होती, पण त्यांच्या बांधकामात वॉशिंग्टनचा पैसा होता. कोनला १२ लाख डॉलरहून जास्त मिळाले होते, लाँगला १९ लाखांहून जास्त. सिमकिन्स आणि त्यांचे सहकारी डॉक्टर, दंतवैद्य आणि दोन रुग्ण १९६२ साली कोर्टात गेले ते याच धाग्याला धरून.

पुढच्या चार-पाच वर्षांत अमेरिकेतल्या हजारो हॉस्पिटलांची दारं, वॉर्ड, उपाहारगृहं आणि खाटांच्या याद्या बदलल्या. त्यातला मोठा बदल १९६६च्या मार्च ते जून या चार महिन्यांतला आहे. तो घडवला म्हाताऱ्या माणसांसाठी केलेल्या एका विमा कायद्याने, म्हणजे मेडिकेअरने. मेडिकेअर शिकवताना आपल्याकडे खर्च, हप्ते, वृद्धांची संख्या हे सगळं येतं. नागरी हक्कांची चळवळ शिकवताना बस, उपाहारगृहाचा कट्टा आणि मतपेटी येते. हे दोन्ही रस्ते हॉस्पिटलच्या दाराशी येऊन मिळाले होते, हे मात्र बहुतेक वेळा सांगायचं राहून जातं. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या देशांतर्गत धोरणांपैकी ही मला सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट वाटते, म्हणून ती सविस्तर मांडतो.

वीस वर्षांचं भिजत घोंगडं

राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९३५ साली सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे म्हातारपणच्या पेन्शनचा, कायदा केला तेव्हा आरोग्य विमा बाजूला ठेवला होता. डॉक्टरांच्या संघटनेला अंगावर घेतलं तर पेन्शनचा कायदाही बुडेल, ही भीती त्यामागे होती. पुढे १९ नोव्हेंबर १९४५ रोजी त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, संदेश पाठवून सगळ्या नागरिकांसाठी राष्ट्रीय आरोग्य विम्याची मागणी केली. अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेने ती हाणून पाडली. १९४९ मध्ये संघटनेने प्रत्येक सदस्याकडून २५ डॉलर जादा वर्गणी गोळा केली आणि कॅलिफोर्नियातल्या व्हिटेकर अँड बॅक्स्टर या प्रचार कंपनीला कामाला लावलं. ‘सोशलाइज्ड मेडिसिन’, म्हणजे समाजवादी वैद्यक, हा शब्द घरोघरी पोचवला गेला. शीतयुद्धाच्या त्या वर्षांत एवढा एक शब्द पुरेसा होता.

तेव्हा सुधारणावाद्यांनी मागणी आखूड केली. सगळ्यांसाठी जमत नसेल तर निदान ६५ वर्षांवरच्यांसाठी, आणि तेही फक्त हॉस्पिटलच्या खर्चापुरतं. या निवडीमागे हिशोब होता. म्हातारपणी आजार वाढतात आणि उत्पन्न आटतं. खासगी विमा कंपन्या अशा माणसाला एकतर घेत नाहीत, नाहीतर न परवडणारा हप्ता मागतात. त्या काळात अमेरिकेतल्या जवळपास निम्म्या वृद्धांकडे हॉस्पिटलचा विमा नव्हता. एक मोठं ऑपरेशन झालं की आयुष्यभराची शिल्लक संपायची आणि बिल मुलांच्या दाराशी यायचं. त्यामुळे हा प्रश्न पन्नाशीतल्या मुला-सुनांनाही तितकाच भिडणारा होता.

१९५७ मध्ये ऱ्होड आयलंडचे लोकप्रतिनिधी फोरँड यांनी असं विधेयक मांडलं. १९६० मध्ये त्याऐवजी गरीब वृद्धांपुरती, राज्यांच्या मर्जीवर चालणारी केर-मिल्स योजना आली. १९६१ मध्ये डॉक्टरांच्या संघटनेने आणखी एक मोहीम काढली. डॉक्टरांच्या बायकांनी शेजारणींना कॉफीला बोलवायचं, एक ध्वनिमुद्रिका ऐकवायची आणि तिथल्या तिथे आपल्या लोकप्रतिनिधीला पत्र लिहायला सांगायचं. त्या मुद्रिकेवर आवाज होता रोनाल्ड रेगन या अभिनेत्याचा. केनेडी यांनी २० मे १९६२ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये प्रचंड सभा घेतली, तरी दोनच महिन्यांनी, १७ जुलैला, सिनेटने ५२ विरुद्ध ४८ मतांनी विधेयक बाजूला सारलं.

नोव्हेंबर १९६४च्या निवडणुकीने गणित बदललं. जॉन्सन ६१ टक्के मतं घेऊन आले, प्रतिनिधीगृहात डेमोक्रॅटिक पक्षाचे २९५ आणि सिनेटमध्ये ६८ सदस्य झाले. आता वाट एकाच माणसाच्या समितीतून जात होती: आर्कान्सॉचे विल्बर मिल्स, प्रतिनिधीगृहाच्या वेज अँड मीन्स या करविषयक समितीचे अध्यक्ष.

मिल्स वर्षानुवर्षं हे विधेयक अडवत आले होते. हवा फिरल्याचं त्यांनी ओळखलं. समितीपुढे तेव्हा तीन प्रस्ताव होते. सरकारचा हॉस्पिटल विमा, रिपब्लिकन सदस्य जॉन बर्न्स यांचा डॉक्टरांच्या फीसाठी ऐच्छिक विमा, आणि डॉक्टरांच्या संघटनेचा गरीब वृद्धांपुरता प्रस्ताव. २ मार्च १९६५ रोजी मिल्स यांनी सगळ्यांना चकित केलं. या तिन्हींतून एक निवडायचं सोडून त्यांनी तिन्ही एकावर एक चढवले. पगारातून कापलेल्या करावर हॉस्पिटल विमा, म्हणजे भाग अ. महिना ३ डॉलर हप्ता आणि तेवढाच सरकारी वाटा घालून डॉक्टरांच्या फीचा विमा, म्हणजे भाग ब. आणि कुठल्याही वयाच्या काही गरीब गटांसाठी राज्यांबरोबर चालवायचं मेडिकेड. वॉशिंग्टनमध्ये याला तीन थरांचा केक म्हणू लागले. सरकारच्या बाजूने वाटाघाटी करणारे विल्बर कोहेन तीस वर्षं याच कामात मुरलेले होते, पण या खेळीने तेही थक्क झाले.

जॉन्सन यांचा आग्रह एकच होता: विधेयक समितीतून निघालं की लगेच मतदानाला न्या, पडून राहू देऊ नका. पडून राहिलं की विरोधक गोळा होतात, हे त्यांनी सिनेटमध्ये वर्षानुवर्षं पाहिलं होतं. ८ एप्रिलला प्रतिनिधीगृहात ३१३ विरुद्ध ११५, ९ जुलैला सिनेटमध्ये ६८ विरुद्ध २१. ३० जुलै १९६५ रोजी जॉन्सन सह्या करायला मिझुरीतल्या इंडिपेन्डन्स गावी गेले, कारण तिथे ट्रुमन राहत होते. ८१ वर्षांचे ट्रुमन शेजारी बसले होते. योजनेत पहिलं नाव त्यांचं लागलं, दुसरं त्यांच्या पत्नी बेस यांचं.

त्या दिवशीच्या निमंत्रितांमध्ये माँटेग्यू कॉब होते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ते नॅशनल मेडिकल असोसिएशनचे अध्यक्ष होते. दक्षिणेतल्या गोऱ्या डॉक्टरांच्या स्थानिक संघटना कृष्णवर्णीय डॉक्टरांना सदस्य करून घेत नसत. सदस्यत्व नाही म्हणून हॉस्पिटलात काम नाही, अशी साखळी होती. म्हणून कृष्णवर्णीय डॉक्टरांची ही वेगळी संघटना. मोठी संघटना विरोधात उभी असताना कॉब यांच्या संघटनेने मेडिकेअरला उघड पाठिंबा दिला होता. या कायद्यातून फक्त म्हाताऱ्यांचं बिल भागणार नाही, आणखी काहीतरी हलणार आहे, हे तिथे बसलेल्यांपैकी त्यांना नक्की कळत होतं.

कायद्याने राखलेली फट

१९४६च्या हिल-बर्टन कायद्याने देशभर हॉस्पिटलं बांधायला केंद्राचा पैसा दिला. त्याचे एक जनक लिस्टर हिल हे अलाबामाचे सिनेटर. कायद्यात लिहिलं होतं की भेदभाव करता येणार नाही, मात्र वेगवेगळ्या लोकसमूहांसाठी वेगळ्या पण समान सोयी असतील तर चालेल. ही मेख दक्षिणेसाठी मारून ठेवली होती. सरकारी पैशातून नवीकोरी हॉस्पिटलं उभी राहिली आणि त्यांचे नकाशेच दोन दारांचे, दोन वॉर्डांचे निघाले. कृष्णवर्णीयांचा वॉर्ड बहुतेक वेळा तळघरात नाहीतर मागच्या बाजूला असे. काही ठिकाणी रक्ताच्या बाटल्यांवरही वर्णाची चिठ्ठी लागे.

सिमकिन्स यांचा खटला डिसेंबर १९६२ मध्ये खालच्या कोर्टात फेटाळला गेला. केंद्राचं न्यायखातं स्वतः फिर्यादींच्या बाजूने उभं राहूनही फेटाळला गेला. १ नोव्हेंबर १९६३ रोजी अपील कोर्टाने तो निर्णय ३ विरुद्ध २ मतांनी फिरवला. मुख्य न्यायाधीश सायमन सोबेलॉफ यांच्या निकालाचा गाभा असा की सरकारी योजनेचा भाग म्हणून, सरकारी पैसा घेऊन चाललेलं हॉस्पिटल ‘आम्ही खासगी’ म्हणून राज्यघटनेतून निसटू शकत नाही. २ मार्च १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करायला नकार दिला आणि निकाल कायम झाला.

त्याच वर्षी २ जुलैला नागरी हक्क कायद्यावर सही झाली. टायटल सिक्स म्हणून ओळखला जाणारा त्याचा सहावा भाग सांगतो की केंद्राचा पैसा घेणाऱ्या कुठल्याही कार्यक्रमात वंश, वर्ण किंवा मूळ देशावरून कुणाला वगळता येणार नाही.

म्हणजे कोर्टाचा निकाल झाला, कायदाही झाला. तरीही १९६५ साल संपताना दक्षिणेतल्या हॉस्पिटलांत पाट्या होत्या तशाच होत्या. खटला एका हॉस्पिटलवर होतो आणि अशी हॉस्पिटलं शेकड्यांनी होती. शाळांचा अनुभवही समोर होता. शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४च्या निकालानंतर दहा वर्षं उलटली तरी दक्षिणेतली बहुतांश कृष्णवर्णीय मुलं वेगळ्याच शाळेत बसत होती. चालू अनुदान तोडायचं तर नोटीस, सुनावणी, अपील अशी वर्षानुवर्षांची रांग लागते, आणि तोडलेल्या अनुदानाचा फटका बसतो तोही मुलांनाच.

चार महिने

मेडिकेअरची गोष्ट इथे वेगळी ठरली, आणि ती एका साध्या कारणाने. हा पैसा अजून सुरूच झाला नव्हता. १ जुलै १९६६ पासून तो वाहू लागणार होता. त्यामुळे हातातलं काही काढून घ्यायचं नव्हतं. करारावर सही करण्याआधी अट घालायची होती. हॉस्पिटलने भेदभाव थांबवल्याचं प्रमाणपत्र मिळवावं, मगच मेडिकेअरचं बिल पाठवावं. सिद्ध करण्याचा भार सरकारवरून उचलून हॉस्पिटलवर टाकला गेला. कारभारातला हा एवढासा उलटफेर, पण दक्षिणेतली दहा वर्षांची टाळाटाळ त्यापुढे टिकली नाही.

पैसाही थोडाथोडका नव्हता. हॉस्पिटलातल्या खाटा सर्वांत जास्त दिवस अडवतात ते वृद्ध रुग्ण, आणि बिल बुडतं तेही त्यांचंच. आता त्यांचं बिल सरकार भरणार होतं. भाग अ मध्ये पहिले ४० डॉलर रुग्णाने द्यायचे, पुढे ६० दिवसांपर्यंत बाकीचा खर्च विम्याचा. शेजारच्या गावातलं हॉस्पिटल हा पैसा घेणार आणि आपण नाही घेणार, हे कुठल्या विश्वस्त मंडळाला परवडलं असतं? नाक दाबलं की तोंड उघडतं, तसं झालं.

पण नाक दाबायचं की नाही, हाच तेव्हाचा खरा प्रश्न होता. आरोग्य, शिक्षण आणि कल्याण खात्यात दोन मतं होती. काहींना वाटत होतं, आधी योजना नीट सुरू होऊ द्या. १ जुलैला आजारी म्हातारा हॉस्पिटलच्या दारात उभा आहे आणि त्या हॉस्पिटलला प्रमाणपत्र नाही, असा फोटो छापून आला तर योजनेचं पहिल्याच दिवशी वाटोळं होईल. ही भीती निराधार नव्हती. एखाद्या जिल्ह्यात एकच हॉस्पिटल असेल आणि ते अडून बसलं तर तिथल्या वृद्धांनी, गोऱ्यांनी आणि कृष्णवर्णीयांनीही, जायचं कुठे? मला ही बाजू हलक्यात घ्यावीशी वाटत नाही. चांगल्या हेतूच्या माणसांनी नेमक्या याच कारणाने कितीतरी अटी ढिल्या केलेल्या आहेत.

खात्याचे सचिव जॉन गार्डनर, सहायक सचिव फिलिप ली आणि नागरी हक्कांचं काम पाहणारे पीटर लिबासी यांनी अट ढिली केली नाही. जॉन्सन त्यांच्या पाठीशी उभे राहिले. दक्षिणेतल्या सिनेटरांचे आणि सदस्यांचे फोन सुरू होते. त्यातले कितीतरी जॉन्सन यांचे वर्षानुवर्षांचे सहकारी, आणि ते स्वतः टेक्सासचे. गरज पडली तर माजी सैनिकांच्या आणि लष्कराच्या हॉस्पिटलांतल्या खाटा वापरायची तयारी करून ठेवण्यात आली.

१९६६च्या सुरुवातीला समान आरोग्य संधी कार्यालय उभं राहिलं, प्रमुख रॉबर्ट नॅश. हाताखाली स्वतःची माणसं मोजकी. मग सार्वजनिक आरोग्य सेवेतून, सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयांतून माणसं उसनी घेतली, काही दिवसांचं प्रशिक्षण दिलं आणि दक्षिणेत पाठवली. मार्चमध्ये देशातल्या सगळ्या हॉस्पिटलांना पत्रं गेली. कागदावर ‘आम्ही भेदभाव करत नाही’ असं लिहून सही ठोकणं सोपं होतं, आणि तसे कागद आलेही. म्हणून तपासणीस प्रत्यक्ष जाऊन पाहत.

काय पाहत? दारं किती आणि कुठून कोण येतं. कुठल्या खोलीत कोण आहे. दोन खाटांच्या खोलीत दोन वर्णांचे रुग्ण शेजारी शेजारी आहेत का. कर्मचाऱ्यांची जेवणाची जागा एक आहे का. कृष्णवर्णीय डॉक्टरांना कामाची मुभा आहे का, नर्सिंगच्या वर्गात कोण बसतं. गोऱ्या नर्सला ‘मिस’ म्हणून हाक मारतात आणि कृष्णवर्णीय नर्सला नुसत्या पहिल्या नावाने, असं तर चालत नाही ना. आणि आसपासच्या वस्तीत कृष्णवर्णीय निम्मे असतील तर खाटांवर ते बोटावर मोजण्याइतके का.

लपवाछपवीही झाली. तपासणीस येणार कळलं की पाट्या उतरायच्या, दोन-चार रुग्णांना इकडचे तिकडे हलवायचं, आणि ते गेले की पुन्हा जिथल्या तिथे. काही हॉस्पिटलांनी दोन खाटांच्या खोल्या काढून सगळ्या एकेका खाटेच्या केल्या, म्हणजे शेजाराचा प्रश्नच नको. हे उघडकीला आणलं आतल्याच माणसांनी. झाडलोट करणारे, स्वयंपाकघरात राबणारे, वॉर्डातल्या मदतनीस बाया. यांना हॉस्पिटलचा कोपरा न् कोपरा ठाऊक. दिवसा तपासणीसांशी बोलताना कुणी दिसलं तर नोकरी जायची, म्हणून ही माणसं रात्री भेटत. वस्तीतल्या चर्चमध्ये किंवा कुणाच्या घरी. कुठला वॉर्ड काल हलवला, कुणाची खाट आज सकाळपासून नवीन आहे, ते सांगत. कृष्णवर्णीय डॉक्टरांच्या संघटनेचे लोक आणि चळवळीतले स्वयंसेवकही माहिती गोळा करून पाठवत होते. त्यांची नावं बहुतेक कुठे नोंदलेली नाहीत. या सगळ्या प्रकरणात माझा जीव अडकतो तो या रात्रीच्या भेटींत. वॉशिंग्टनचा हुकूम आणि खाटेची जागा यांच्यामधलं अंतर या माणसांनी भरून काढलं, आणि त्यासाठी आपली भाकरी पणाला लावली.

एक गोष्ट हॉस्पिटल चालवणाऱ्यांच्या बाजूनेही पाहायला हवी. मनातून बदल मान्य असलेले व्यवस्थापकही गप्प होते, कारण आपण एकट्याने वॉर्ड एकत्र केले तर गोरे रुग्ण उठून पलीकडच्या हॉस्पिटलात जातील ही धास्ती होती. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची? सगळ्यांना एकाच तारखेची मुदत दिल्यावर ही अडचण आपोआप मिटली. जायला पलीकडचं हॉस्पिटल उरलंच नाही. ‘आमचा नाइलाज आहे, वॉशिंग्टनचा नियम आहे’ असं सांगायची सोय झाली, आणि कित्येकांना ती हवीच होती.

१ जुलै उजाडला. सुमारे १ कोटी ९० लाख वृद्ध योजनेत आले होते. हॉस्पिटलांसमोर रांगा लागल्या नाहीत, लष्करी खाटांची गरज पडली नाही. देशातल्या बहुतांश हॉस्पिटलांनी प्रमाणपत्र मिळवलं होतं. अडून बसलेली उरली ती मुख्यतः दक्षिणेतली, आणि पुढच्या काही महिन्यांत त्यांतलीही बरीच वळली. मुदत लांबवली असती तर काय झालं असतं, याचं उत्तर शाळांच्या इतिहासात आहे.

काय द्यावं लागलं

इथेच थांबलो तर प्रकरण अर्धवट राहील. हा कायदा पदरात पाडून घेताना बरंच सोडावं लागलं, आणि त्याची किंमत अमेरिका अजून मोजते आहे.

पहिली गोष्ट पैशाची. डॉक्टर आणि हॉस्पिटलं सोबत यावीत म्हणून हॉस्पिटलला त्याचा होईल तो वाजवी खर्च आणि डॉक्टरला त्याची नेहमीची फी द्यायची, असं ठरलं. वैद्यकीय कामात सरकार ढवळाढवळ करणार नाही, हे कायद्याच्या सुरुवातीलाच लिहून दिलं. जेवढा खर्च दाखवाल तेवढा मिळेल म्हटल्यावर खर्च कमी ठेवायचं कारण कुणालाच उरलं नाही. भाग अ वर १९९० साली ९ अब्ज डॉलर लागतील असा १९६५ मधला अंदाज होता, लागले ६७ अब्ज. यात महागाईचा आणि नंतर वाढवलेल्या लाभांचा वाटा आहेच, पण देण्याच्या पद्धतीचाही आहे. ती पद्धत १९८३ मध्ये बदलली आणि निदानानुसार ठरलेली रक्कम देणं सुरू झालं. त्या कायद्यावर सही होती राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांची. कॉफीच्या बैठकांमधल्या मुद्रिकेवरचा आवाज याच माणसाचा होता. २२ वर्षांत विरोधकही ही योजना मोडायची सोडून सुधारायला लागले होते.

दुसरी गोष्ट मला जास्त बोचते. टायटल सिक्स हॉस्पिटलला लागू झालं, पण डॉक्टरच्या खासगी दवाखान्याला नाही. भाग ब चा पैसा हा केंद्राच्या मदतीत मोडत नाही, असा अर्थ लावला गेला. डॉक्टरांच्या संघटनेला आणखी दुखवायचं नव्हतं. त्यामुळे एकाच गावात असं दृश्य राहिलं की म्हातारी कृष्णवर्णीय बाई हॉस्पिटलात पुढच्या दाराने जायची आणि तिथल्याच डॉक्टरच्या दवाखान्यात मात्र वेगळ्या खोलीत ताटकळत बसायची. जॉन्सन यांच्या बाजूने बोलणारे म्हणतील की एकाच वेळी दोन आघाड्या उघडल्या असत्या तर दोन्ही गेल्या असत्या. असेल. पण फीचा विमाच हॉस्पिटलच्या विम्यासारखा प्रमाणपत्राला बांधला असता तर काय झालं असतं, हे करून पाहायची संधी तेव्हाच होती. एकदा पैसा सुरू झाल्यावर ती गेली.

तिसरी किंमत कृष्णवर्णीयांच्या स्वतःच्या हॉस्पिटलांनी दिली. पुढची दारं उघडली तसे रुग्ण मोठ्या हॉस्पिटलांकडे गेले आणि जुन्या संस्था ओस पडू लागल्या. ज्यांनी वाईट दिवसांत कृष्णवर्णीय डॉक्टर आणि नर्स घडवले त्याच या संस्था. सेंट लुइसचं होमर जी. फिलिप्स हॉस्पिटल त्यांतलं मोठं नाव. ते १९७९ मध्ये बंद झालं. वस्तीने विरोध केला, तरी झालं. एकत्र येण्याचा हिशोब मांडताना हे खातंही उघडावं लागतं.

आणि दात? नेहमीचे दातांचे उपचार मेडिकेअरने १९६५ मध्ये वगळले, ते आजही बाहेरच आहेत. ज्या लढ्याची सुरुवात एका सुजलेल्या दाढेपासून झाली, तो तडीला नेणाऱ्या योजनेत दाढेला जागा मिळाली नाही.

आपल्या घरांपर्यंत आलेला धागा

मेडिकेअरने वाढवलेली हॉस्पिटलं चालवायला डॉक्टर हवे होते. शिकाऊ डॉक्टरांच्या खर्चाचा वाटाही मेडिकेअर हॉस्पिटलांना देत होतं, त्यामुळे जागा वाढल्या. त्याच १९६५ सालच्या ३ ऑक्टोबरला जॉन्सन यांनी देशवार कोटा मोडीत काढणाऱ्या स्थलांतर कायद्यावर सही केली, तो १ जुलै १९६८ पासून पूर्ण लागू झाला. मुंबईच्या जी. एस. आणि ग्रँट मेडिकलमधून, पुण्याच्या बी. जे. मधून बाहेर पडलेल्या कितीतरी मुलामुलींनी त्या वर्षांत अमेरिकेची वाट धरली. त्यांना ज्या हॉस्पिटलांत पहिली नोकरी मिळाली, तिथला नोकरभरतीचा नियम आणि जेवणाचं टेबल थोड्याच वर्षांपूर्वी वर्णावरून मोकळं झालेलं होतं. ते कुणी मोकळं केलं, हे त्या पिढीतल्या अनेकांना ठाऊक नसतं.

आज मुलांकडे कायमचं राहायला गेलेल्या आई-वडिलांच्या बाबतीत मेडिकेअर घरोघरी चर्चेत असतं. ग्रीन कार्ड मिळाल्यावर सलग पाच वर्षं राहिल्याशिवाय ६५ वर्षांवरच्या पालकांना त्यात येता येत नाही, आणि स्वतःची किंवा जोडीदाराची तिथली दहा वर्षांची नोकरी नसेल तर भाग अ चा हप्ताही भरावा लागतो. पगारातून कापलेल्या करावर हा विमा उभा करायचा, ही १९६५ मधली रचनाच त्यामागे आहे.

परिणामांकडे पाहताना एक आकडा सगळ्यांत आधी शोधावासा वाटतो तो वृद्धांच्या आयुष्यमानाचा. पण हॉस्पिटलची दारं उघडण्याचा ठसठशीत परिणाम दिसला तो भलत्याच ठिकाणी. मिसिसिपीतल्या कृष्णवर्णीय तान्ह्या मुलांचे मृत्यू १९६५ नंतरच्या काही वर्षांत झपाट्याने उतरले. विशेषतः पहिला महिना ओलांडलेल्या मुलांचे, आणि जुलाब व न्यूमोनिया यांनी होणारे. हे दोन्ही आजार असे की बाळाला वेळेवर हॉस्पिटलात नेलं, शिरेतून सलाइन किंवा औषध दिलं, तर ते वाचतं. वॉर्ड तेच होते, औषधं तीच होती. आता आईला बाळ घेऊन आत जाता येत होतं. म्हाताऱ्यांच्या विम्यासाठी घातलेल्या अटीने दुसऱ्या टोकाचं वय वाचवलं. विधेयकावर भाषणं करणाऱ्यांच्या ध्यानीमनीही हे नव्हतं.

ग्रीन्सबरोतल्या फिर्यादींपैकी डॉ. ॲल्व्हिन ब्लाउंट निकालानंतर मोझेस कोन हॉस्पिटलात काम करू लागले. २०१६ साली त्याच हॉस्पिटलच्या संस्थेने त्यांची जाहीर माफी मागितली आणि फिर्यादींच्या सन्मानार्थ शिष्यवृत्तीची घोषणा केली. तोवर सिमकिन्स आणि इतर सगळे फिर्यादी गेलेले होते. ब्लाउंट तेवढे एकटे उरले होते, वयाच्या नव्वदीत. त्यानंतर काही महिन्यांतच, जानेवारी २०१७ मध्ये, तेही गेले.